आवाजाची कळ

११ जानेवारी १९७०, रविवार. न्यू ऑर्लिन्समध्ये चौथा सुपर बोल चालू होता, आणि कोट्यवधी अमेरिकन लोक टीव्हीसमोर ठाण मांडून बसले होते. मध्येच पाँटिॲक या कार कंपनीची एक जाहिरात लागली. रात्रीची वेळ आहे. एक तरुण आपली जीटीओ घेऊन ड्राइव्ह-इन हॉटेलच्या आवारात शिरतो आणि उभ्या गाड्यांच्या मधून हळूहळू फिरतो. शर्यत लावायला कोणी भेटतंय का, ते तो बघत असावा. मग डॅशबोर्डच्या खाली हात घालून तो एक कळ ओढतो. कळीवर लिहिलंय, ‘एक्झॉस्ट’. गाडीचा आवाज बदलतो. इतका वेळ सभ्यपणे चाललेलं इंजिन छातीतून गुरगुरायला लागतं.

ही जाहिरात त्यानंतर टीव्हीवर परत दिसली नाही, असं सांगतात. पाँटिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्स. तिच्या वरिष्ठांनी जाहिरात थांबवली आणि ती कळ बसवणंही बंद करायला लावलं. तोपर्यंत जेमतेम दोन-तीन महिने झाले होते आणि कळवाल्या सुमारे २३० गाड्या कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या. आज त्यातली एखादी लिलावात आली की संग्राहक आधी डॅशबोर्डखाली वाकून कळ आहे का ते बघतात.

मराठीत ‘कळ’ शब्दाची गंमत आहे. कळ म्हणजे बटण. कळ म्हणजे दुखणं. आणि कळ काढणं म्हणजे मुद्दाम भांडण उकरून काढणं. मोटारगाडीच्या एक्झॉस्टला बसवलेल्या या कळीचा इतिहास सव्वाशे वर्षांच्या आसपास जातो, आणि त्यात हे तिन्ही अर्थ आलटूनपालटून येतात.

आधी ती करते काय ते बघू. पेट्रोल इंजिनात दर सेकंदाला कितीतरी छोटे स्फोट होत असतात. चार सिलेंडरचं साधं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला जवळपास ६७ स्फोट. प्रत्येक स्फोटानंतर उरलेला गरम वायू व्हॉल्व्ह उघडताच दाबाच्या लाटेसारखा पाइपमध्ये घुसतो. पाइप सरळ बाहेर उघडा ठेवला, तर ही प्रत्येक लाट म्हणजे एक बार. म्हणून वाटेत एक डबा बसवतात. त्यात आडव्या पत्र्याच्या भिंती असतात, भोकं पाडलेल्या नळ्या असतात, कधी काचेची लोकर असते. लाट फुगते, आपटते, परत फिरते, एकमेकींना काटते आणि शेवटी दमून बाहेर येते. अमेरिकन या डब्याला मफलर म्हणतात. आपण ब्रिटिशांकडून सायलेन्सर हा शब्द घेतला आणि मफलर गळ्याला गुंडाळला. गुंडाळून आवाज दाबायचा, ही कल्पना दोन्हीकडे एकच.

या दमवण्याची किंमत असते. वायूला वाटेत अडथळा झाला की इंजिनाला आपलाच धूर बाहेर ढकलण्यासाठी जोर लावावा लागतो. त्याला मेकॅनिक ‘बॅक प्रेशर’ म्हणतात. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की डब्याला वळसा घालणारी वाट काढावी आणि तिच्यावर झडप बसवावी. झडप बंद असली की वायू डब्यातून जाईल, गाडी शांत. उघडली की तो आडवाटेने सरळ बाहेर, गाडी मोकळी. जीटीओच्या कळीत आडवाट नव्हती. इंजिनाच्याच ओढीने तयार होणारा व्हॅक्यूम वापरून मफलरच्या आतली झडप उघडायची, एवढंच. आज लोक आपल्या गाडीला जी रिमोटवर चालणारी झडप बसवून घेतात, तिचं तत्त्व अगदी हेच.

डबा आणि झडप यांच्यात आधी जन्माला आला डबा. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात मिल्टन रीव्ह्ज नावाचा कल्पक माणूस होता. त्याने १८९६ मध्ये स्वतःची मोटारगाडी बनवली आणि भाऊ मार्शलबरोबर १८९७ मध्ये इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं. या रीव्ह्जला स्वस्थ बसता येत नसे. १९११ मध्ये त्याने आठ चाकांची मोटार बनवली. का, तर जास्त चाकं म्हणजे कमी धक्के. आठ चाकांना कोणी गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने सहा चाकांची करून पाहिली. तीही खपली नाही. डबा मात्र टिकला.

दुसरा माणूस जास्त ओळखीचा, निदान त्याचं आडनाव तरी. हायरम पर्सी मॅक्सिम. त्याचे वडील सर हायरम मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास मॅक्सिम मशीनगन बनवली. युरोपीय सैन्यांनी ती आफ्रिका-आशियात काय कामाला लावली, हे शाळेच्या पुस्तकात असतं. शाळेच्या पुस्तकात नसतं ते हे की आयुष्यभर बंदुकांच्या आवाजात राहून म्हातारपणी या गृहस्थांना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. मुलाने १९०९ मध्ये पेटंट घेतलं ते बंदुकीच्या सायलेन्सरचं! वडिलांनी जगाला दिलेला आवाज मुलगा कमी करायला बसला, असं म्हणायचा मोह होतो. पण पर्सीचा स्वभाव बघता त्याला कोडं सोडवण्यात रस असावा, वडिलांचं पाप धुण्यात नव्हे. तरुणपणी मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात नोकरीला असताना पेट्रोलमध्ये किती जोर असतो हे बघायला त्याने तोफगोळ्याच्या रिकाम्या नळकांड्यात पेट्रोलचे थेंब टाकून त्यात पेटती काडी सोडली होती. डोळे, हात शाबूत राहिले, हे नशीब. पुढे १८९५ पासून तो हार्टफर्डच्या पोप कंपनीत मोटारगाड्या बनवू लागला. बंदुकीवर चाललेलं तत्त्व इंजिनावरही चालतं हे दिसल्यावर त्याच्या कंपनीने इंजिनांचे सायलेन्सर बनवायला सुरुवात केली.

म्हणजे १९१० पर्यंत मोटारगाडी बऱ्यापैकी शांत करणं माणसाला जमलं होतं. आणि नेमक्या याच काळात झडपेचा सुकाळ झाला.

तिला तेव्हा ‘कटआउट’ म्हणत. अनेक गाड्यांना ती कारखान्यातूनच येई, नसली तर सुट्या भागांच्या कॅटलॉगमधून मागवता येई. पाइपला भोक पाडायचं किंवा इंग्रजी वाय अक्षरासारखा तुकडा जोडायचा, त्याच्या एका फाट्यावर झडप, झडपेपासून तार, तारेच्या टोकाला ड्रायव्हरच्या पायापाशी छोटं पॅडल. गावातल्या लोहारालाही जमेल असं काम.

कशासाठी बसवायची, याची उत्तरं ठरलेली होती. पहिलं, चढाला ताकद मिळते. त्या वेळचे मफलर खरोखर ओबडधोबड होते आणि इंजिनं दुबळी, त्यामुळे यात तथ्य होतं. दुसरं, इंजिनाची तब्येत कानाने कळते. एखादा सिलेंडर पेटत नसेल तर उघड्या पाइपमधून ते लगेच ऐकू येतं. यातही तथ्य होतं. तेव्हाचा ड्रायव्हर अर्धा मेकॅनिक असे आणि डॅशबोर्डवर दिवे लागून काही सांगायची सोय नव्हती. तिसरं, समोरच्याला इशारा मिळतो. इथे मात्र शंका यायला लागते, कारण हॉर्न होते. चौथं कारण कॅटलॉगमध्ये छापलेलं नसे. ते ज्याने त्याने आपापल्या मनात वाचायचं.

माझ्या मते चौथं कारणच खरं होतं, आणि त्याचा पुरावा म्हणजे पुढची शंभर वर्षं. चढ चढायला इंजिनं समर्थ झाली. दोष शोधायला यंत्रं आली. मफलर इतके सुधारले की त्यांच्यामुळे जाणारी ताकद साध्या गाडीत लक्षातही येईना. पहिली तीनही कारणं एकेक करून गळाली, झडप तशीच राहिली.

ज्यांच्या कानावर हे सगळं पडत होतं, ते काय म्हणत होते? न्यूयॉर्कमध्ये हडसन नदीकाठी एका मोठ्या हवेलीत ज्युलिया बार्नेट राइस राहत. शिक्षणाने डॉक्टर. रात्रभर नदीतल्या टगबोटी भोंगे वाजवत असत. धोक्याच्या सूचनेसाठी नव्हे, तर काठावरच्या ओळखीच्यांना हाक मारायला. ज्युलियाबाईंनी कोलंबिया विद्यापीठातली पोरं कामाला लावून भोंगे मोजले. एका रात्रीत जवळपास तीन हजार! मग त्या इस्पितळांत गेल्या आणि भोंग्यांनी रुग्णांची झोप कशी मोडते याचे दाखले गोळा केले. १९०६ मध्ये त्यांनी अनावश्यक आवाज बंद करण्यासाठी संस्था काढली, १९०७ मध्ये अमेरिकन संसदेने बोटींच्या भोंग्यांवर कायदा केला, आणि पुढे इस्पितळांभोवती शांतता क्षेत्रं आली. आज आपल्याकडे रुग्णालयाबाहेर ‘हॉर्न वाजवू नका’ अशी पाटी दिसते. त्या विचाराचं कूळ शोधत गेलात तर वाटेत या बाई नक्की भेटतात.

एक मजेशीर धागा इथे आहे. ज्युलियाबाईंचे पती आयझॅक राइस विजेच्या धंद्यातले. इलेक्ट्रिक व्हेइकल कंपनी त्यांनीच १८९७ मध्ये उभी केली. तिचे इलेक्ट्रिक टांगे, म्हणजे त्या वेळच्या टॅक्सी, न्यूयॉर्कमध्ये फिरत. पुढे या कंपनीने हात मिळवला तो पोप कंपनीशी, जिथे मॅक्सिम नोकरीला होता. एकाच धंद्याच्या परिघात सायलेन्सर बनवणारा, आवाजाविरुद्ध लढणारी आणि बिनआवाजाची गाडी विकणारा, असे तिघं त्या काळात वावरत होते. जिंकलं मात्र पेट्रोल.

ज्युलियाबाईंचा मुख्य रोख मोटारींवर नव्हता. पण त्यांनी एक शब्द रुजवला, ‘अनावश्यक’. शहरात आवाज होणारच, हे त्यांना मान्य होतं. टाळता येण्यासारखा असूनही जो टाळला जात नाही, त्या आवाजावर त्यांचा राग होता. कटआउटला हा शब्द जितका चपखल बसतो तितका दुसऱ्या कशालाच बसत नसेल. गाडीत शांततेची सोय आहे, तिचे पैसे भरलेले आहेत, आणि ती चुकवण्यासाठी वेगळे पैसे भरून वेगळा भाग लावलाय!

१९२९ मध्ये न्यूयॉर्क शहराने आवाजाची चौकशी करायला आयोग नेमला. उपकरणं लावलेला ट्रक रस्तोरस्ती फिरला आणि डेसिबल हे नवंकोरं माप वापरून शहराचा आवाज मोजला गेला. वर्तमानपत्रांतून प्रश्नावली छापली, तर अकरा हजारांहून जास्त लोकांनी ती भरून पाठवली. सगळ्यात जास्त तक्रारी वाहतुकीच्या होत्या. ट्रक, हॉर्न आणि कटआउट त्या यादीत होतेच.

इंग्लंडमध्ये भांडण वेगळ्या जागी पेटलं. सरे परगण्यात १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा शर्यतीचा ट्रॅक झाला, खास मोटारींसाठी बांधलेला. उद्घाटनानंतर काही दिवसांतच एस. एफ. एज या गृहस्थाने नेपियर गाडी तिथे सलग २४ तास पळवून विक्रम केला. गावकऱ्यांनी सलग एक रात्र काढली. परिणाम असा की ब्रुकलँड्सवर रात्री शर्यती कायमच्या बंद. पुढे २४ तासांची शर्यत घ्यायची झाली, तेव्हा ती दोन दिवस बारा-बारा तासांत वाटावी लागली. रात्री गाड्या कुलपात. शेजाऱ्यांची चिडचिड तरीही चालू राहिली, ती कोर्टापर्यंत गेली, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यात ट्रॅकवरच्या गाड्यांनाही ठराविक सायलेन्सर सक्तीचा झाला. मोठा फुगीर डबा आणि टोकाला माशाच्या शेपटीसारखा चपटा पाइप. त्याला ‘ब्रुकलँड्स कॅन’ म्हणत. काही वर्षांत काय झालं असेल? शौकीन लोक तो साध्या गाड्यांना हौसेने लावू लागले. ज्याने आवाज दाबायचा तीच वस्तू शर्यतीच्या गाडीची खूण झाली.

अमेरिकेतल्या राज्यांनी कटआउटचा बंदोबस्त शब्दांनी केला, आणि मला ती भाषा फार आवडते. वाहनाला मफलर असला पाहिजे, तो सुस्थितीत असला पाहिजे, आणि तो सतत कामात असला पाहिजे. ‘सतत’ हा शब्द थेट त्या पॅडलवर पाय ठेवतो. पुढे स्पष्टच म्हटलेलं असतं की रस्त्यावर कटआउट, बायपास किंवा तसलं काही वापरायचं नाही. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत हे आजही कायद्यात आहे.

आणि बंदी सगळ्यात जास्त मोडली गेली तीही कॅलिफोर्नियातच. लॉस एंजलिसच्या पलीकडे म्युरॉक आणि एल मिराज ही कोरड्या पडलेल्या तळ्यांची मैदानं आहेत. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिथे जुन्या फोर्ड गाड्या सोलून काढून पोरं वेगाच्या शर्यती लावत. ही हॉट रॉडवाली मंडळी. गाडी एकच. तिच्यातच कामाला जायचं, तिच्यातच शर्यत लावायची. तेव्हा पाइपला बाजूला फाटा काढून त्याच्या तोंडावर बोल्टने घट्ट केलेलं झाकण लावायचं. तळ्यावर पोचलं की पाना काढून झाकण उघडायचं. ‘लेक पाइप’ हे नाव त्यावरून पडलं. पन्नाशीच्या दशकात हे पाइप दाराखालून चकचकीत क्रोमचे धावू लागले, आणि असे पाइप लावलेल्या कित्येक गाड्या तळ्याकडे कधी फिरकल्याही नाहीत.

आता १९७० च्या जीटीओच्या कळीकडे परत या. रस्त्यावरच्या पोरांनी पाना आणि बोल्टने जे केलं, ते कंपनीने डॅशबोर्डखाली आयतं देऊ केलं. जनरल मोटर्सचे वरिष्ठ का बिचकले, हे समजतं. अमेरिकेत तेव्हा अपघात आणि धूर यांवरून मोटार कंपन्यांची झाडाझडती चालू होती. अशा वेळी राष्ट्रीय सामन्यात कोट्यवधी लोकांसमोर ‘कायदा चुकवायची कळ’ ओढून दाखवणं म्हणजे आपणहून कळ काढणं. १९७२ मध्ये आवाज नियंत्रणाचा राष्ट्रीय कायदा आलाच.

इथपर्यंतची गोष्ट सरळ आहे. लोक झडप लावतात, कायदा ती बंद करतो, लोक लपून उघडतात. पुढे कायद्याच्या चांगुलपणातूनच झडपेला पुन्हा वाट मिळाली.

‘अति आवाज’ म्हणजे किती? पोलिसाच्या कानाला अति वाटला, तो कोर्टात तितका अति ठरेलच असं नाही. म्हणून सत्तरच्या दशकापासून युरोपात मोजणी आली. गाडी ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने आणायची, २० मीटरच्या पट्ट्यात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा, दोन्ही बाजूंना साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून आवाज घ्यायचा. कारसाठीची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली येत नव्वदच्या दशकात ७४ डेसिबलवर आली. डेसिबलचं माप फसवं असतं. १० ने वाढलं तर आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. त्यामुळे ८२ वरून ७४ हे दिसतं त्याहून मोठं काम होतं.

पण मोजणी आली की परीक्षा आली, आणि परीक्षा आली की गाइड आलं. कोणत्या वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, इंजिनाच्या किती फेऱ्यांना मायक्रोफोन ऐकणार, हे आधीच माहीत. एव्हाना गाडीत कॉम्प्युटरही आला होता. मग महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये झडप बसली, तिला छोटी मोटर किंवा व्हॅक्यूमची डबी लागली, आणि झडप कधी उघडायची ते कॉम्प्युटर ठरवू लागला. परीक्षेच्या परिस्थितीत बंद, त्यापलीकडे उघडी. याला अभियांत्रिकी कारणही होतं. कमी फेऱ्यांना लहान वाट चांगली, जास्त फेऱ्यांना मोठी. तेवढं खोटं नाही. पण जुन्या कायद्यातला ‘सतत’ हा शब्द आकड्याच्या मागे हरवला होता, आणि कटआउट सूट-बूट घालून शोरूममध्ये परत आला होता.

२००६ च्या कॉर्व्हेट झी-०६ मध्ये अशी झडप होती. मालकांनी थोड्याच दिवसांत शोधून काढलं की तिचा फ्यूज उपटला की ती उघडीच राहते. फ्यूज काढणं-घालणं कंटाळवाणं झालं तेव्हा रिमोट विकायला आले.

ज्यांच्या गाडीत झडप नव्हती, त्यांच्यासाठी बाहेरून बसवायचा बाजार उभा राहिला. पाइप कापायचा, झडपेचा तुकडा वेल्ड करायचा, मोटरची वायर आत आणायची. लोहाराचं काम वेल्डरकडे गेलं इतकंच. फक्त आता पाइपमध्ये १९१० साली नसलेल्या दोन गोष्टी आहेत. एक, विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. दुसरी, त्याच्या आगेमागे बसलेले ऑक्सिजन सेन्सर. झडप कन्व्हर्टरच्या आधी लावली तर कच्चा धूर थेट बाहेर पडतो, आणि तो गुन्हा आवाजाचा राहत नाही, प्रदूषणाचा होतो. वेल्ड गळका असेल आणि झडपेचं तोंड गाडीच्या पोटाखाली असेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला वास नसतो. ज्यांना हे करून घ्यायचंच असतं ते झडप कन्व्हर्टरच्या मागे लावतात आणि तोंड गाडीच्या शेवटापर्यंत नेतात. तरीही ‘बायपास’ या शब्दातून सुटका होत नाही.

आपल्याकडे या गोष्टीचं दुचाकीवरचं रूप जास्त परिचयाचं आहे. ज्या गाडीला आपण तिच्या आवाजावरूनच फटफटी म्हटलं, तिची पुंगळी काढणे हा वाक्प्रचार महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतानाचे पोलिसांचे व्हिडिओही तुमच्या फोनवर कधीतरी आलेच असतील. कारला झडप लावणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते कडकपणे वाचलं. शिवाय कलम १९०(२) मध्ये आवाजाच्या मानकांचा भंग केल्याबद्दल दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. रिमोटचं बटण बंद होतं, ही सबब त्यात कुठे बसत नाही.

युरोपने आपली फट बुजवायला वेळ घेतला, पण बुजवली. २०१४ च्या नियमानुसार, जो २०१६ पासून नव्या मॉडेल्सना लागू झाला, एका ठराविक परीक्षेपलीकडच्या वेगांना आणि फेऱ्यांनाही आवाज तपासता येतो. सायलेन्सरला हाताने बदलता येणाऱ्या अनेक अवस्था असतील, तर त्या प्रत्येक अवस्थेत तो मर्यादेत बसला पाहिजे. म्हणजे ‘सतत’ हा जुना शब्द वेगळ्या कपड्यांत परत आणला. पॅरिसच्या परिसरात २०१९ पासून चार मायक्रोफोनवाली यंत्रं खांबांवर दिसू लागली. आवाज कोणत्या गाडीतून आला, हे ती दिशेवरून ओळखतात. न्यूयॉर्क राज्याने २०२१ मध्ये मोठ्या एक्झॉस्टवरचा दंड वाढवला, त्या कायद्याचं लघुनाव इंग्रजीत ‘स्लीप’ असं जुळवून आणलं. ज्युलियाबाईंना आवडलं असतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली घटना अगदी घरगुती आहे. फोर्डचा एक वरिष्ठ इंजिनिअर सकाळी आपली शेल्बी मस्टँग घरातून मागे काढत होता. शेजाऱ्यांनी पोलिसांना फोन केला. ज्याचं कामच ही गाडी बनवण्याचं, त्याच्याच दारात पोलीस! त्यातून २०१८ च्या मस्टँगमध्ये ‘गुड नेबर मोड’ आला. रात्री आठ ते सकाळी सात, किंवा तुम्ही लावाल ती वेळ, गाडी सुरू होताना झडप आपोआप बंद राहते आणि आवाज सुमारे १० डेसिबलने उतरतो. म्हणजे कानाला निम्मा. १९१० सालच्या पॅडलवरही हे करता आलं असतं. पायच काढायचा होता. फरक असा की तेव्हा झडप शांत गाडीला मोठ्याने बोलायला लावण्यासाठी होती, आणि इथे कोणीतरी तीच झडप शेजाऱ्याच्या बाजूने वापरली. त्यासाठी आधी शेजाऱ्याला पोलीस बोलवावे लागले.

युरोपच्या त्याच २०१४ च्या नियमात आणखी एक तरतूद आहे. इलेक्ट्रिक गाड्या हळू चालताना इतक्या शांत असतात की अंध व्यक्तींना आणि बेसावध पादचाऱ्यांना त्या कळत नाहीत. म्हणून ताशी २० किलोमीटरपर्यंत त्यांनी मुद्दाम आवाज केला पाहिजे. आयझॅक राइसच्या इलेक्ट्रिक टांग्यांनाही, ते आज असते तर, भोंगा बसवावा लागला असता, आणि त्याला ‘अनावश्यक’ म्हणायची सोय ज्युलियाबाईंना उरली नसती.

अमेरिकेतल्या डॉजने ही सक्ती फारच मनावर घेतली. त्यांच्या इलेक्ट्रिक चार्जरमध्ये स्फोट नाही, धूर नाही, पाइप नाही. पण मागे एक पोकळ डबा आहे आणि त्यातून जुन्या व्ही-एटसारखी गुरगुर बाहेर सोडतात. २०२२ मध्ये नमुना दाखवताना कंपनीने १२६ डेसिबलपर्यंतची फुशारकी मारली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी रीव्ह्जने आवाज गिळायला जो डबा केला, तो आता आवाज तयार करायला बसवला होता. २०२५ मध्ये यातल्या आठ हजारांहून जास्त गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोष असा होता की ॲम्प्लिफायरमधल्या सॉफ्टवेअरच्या गफलतीमुळे हळू चालताना त्यांचा पादचाऱ्यांना सावध करणारा आवाजच येत नव्हता.